ताडपत्री कप्तान

माझी बायको पुन्हा बोलायला लागली याचं श्रेय मी तिघांना देतो: दवाखान्यातले डॉक्टर, तिथलीच वाचा-उपचार करणारी तरुण मुलगी आणि सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारात नोकरी केलेला एक कप्तान. पहिल्या दोघांना मी पेढे नेऊन दिले. कप्तानाला मरून तीनशेच्या वर वर्षं झाली, आणि त्याला पेढे पोचवण्याची सोय आमच्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत तरी नाही. म्हणून त्याच्यापुरतं हे लिहून ठेवतो.

मी सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. बायको पुलगावजवळच्या नाचणगावच्या शाळेत मराठी शिकवायची. वर्षानुवर्षं तिने सकाळची पुलगावची बस पकडली आणि उतरत्या उन्हात परत आली. तिच्या मराठीचा मला धाक होता. घरी आलेल्या लग्नपत्रिकेतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ती लाल पेनने काढायची; एकदा तर पत्रिका देणारे समोर बसलेले असताना काढल्या. मी जेवताना 'सदर भाजीत मीठ कमी आहे' असं म्हणालो की ती भाजीचं पातेलं उचलून आत न्यायची. असा संसार आम्ही केला आणि तो चांगला झाला, हे आधीच सांगून टाकतो.

ती निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळी मेथी निवडता निवडता, तिच्या हातातली जुडी गळून पडली. लकव्याचा झटका होता. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. दवाखान्यात वेळेवर पोचलो हे आमचं नशीब. पाय लवकर सुधारला, हात हळूहळू सुधारला, बोलणं काही येईना. तिची समज शाबूत आहे, तिला सगळं कळतंय, फक्त शब्दापर्यंत जायची वाट बुजली आहे, असं डॉक्टरांनी मला समजावलं. तोंडातून एकच शब्द निघायचा, 'पाणी'. चहा हवा असला तरी पाणी, पंखा बंद करा म्हणायचं असलं तरी पाणी, माझा राग आला तरी पाणी. भेटायला आलेली माणसं बिचारी धावत जाऊन ग्लास भरून आणायची. एका दुपारी तिच्यापुढच्या स्टुलावर भरलेल्या ग्लासांची रांग लागली होती आणि ती त्या ग्लासांकडे बघत रडत होती.

येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल मला विचारायचा. कारंजाहून तिच्या भावाचा रोज फोन यायचा, "जावाईबापू, ताई बोलून राह्यली का जी?" मी म्हणायचो, सुधारणा आहे. ती शेजारीच बसलेली असायची. सुधारणा नव्हती हे तिला माहीत होतं आणि मी खोटं बोलतोय हेही. माझ्या डोक्यात मात्र एकच भीती घर करून बसली होती, की ही आता उरलेलं आयुष्य माझ्या तोंडाने बोलणार. ज्या बाईने माझं एक वाक्य कधी न सुधारता जाऊ दिलं नाही, तिच्या मनातलं मी माझ्या शब्दांत लोकांना सांगत बसणार. 

वाचा-उपचार करणारी मुलगी चित्रांची कार्डं दाखवून शब्द विचारायची. एकदा तिने माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "काकू, यांचं नाव काय?" बायकोने मान खाली घातली. मुलीने पुन्हा विचारलं. बायको पदराशी चाळा करत राहिली. मुलीने कागदावर फुली मारली.

मी म्हणालो, "अहो मॅडम, ती फुली खोडा. लग्नातला एक उखाणा सोडला तर या बाईने आजवर माझं नाव घेतलेलं नाही. धडधाकट होती तेव्हाही नाही."

मुलगी आधी गोंधळली, मग हसली, आणि तिने फुलीच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं. बायकोला नाव आठवत नव्हतं की घ्यायचं नव्हतं हे खरं तर मलाही ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या बायकोबद्दल एवढंही ठाऊक नसावं याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मुलीने घरचा अभ्यास दिला. रोज मोठ्याने वाचून दाखवा, मध्येच थांबा, पुढचा शब्द त्यांना भरू द्या. मी पेपर वाचायला घेतला तर बायकोने तोंड फिरवलं. मग तिचीच पाठ्यपुस्तकं काढली, तिने पोरांना घोकून घेतलेल्या कविता. एका ओळीशी थांबलो. तिचे ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि निघालं काय, तर पाणी. तिने डाव्या हाताने पुस्तक उडवून दिलं. जे जे तिला पाठ होतं ते ते आता तिला टोचत होतं. मी कविता बंद केल्या.

आमच्या शेजारचे एक प्राध्यापक मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले तेव्हा पुस्तकांचं एक पोतं आमच्याकडे ठेवून गेले होते, रद्दीत घालू नका एवढ्याच अटीवर. त्यात हात घातला तेव्हा एक जाडजूड इंग्रजी चरित्र वर आलं. इंग्लंडच्या आरमारातला एक अधिकारी, त्याची सगळी नोकरी, पहिल्या जहाजापासून शेवटच्या जहाजापर्यंत. मला ते एकाच कारणाने पसंत पडलं. त्यातलं काहीएक तिला पाठ असण्याचा संभव नव्हता. आम्ही दोघांनी समुद्र पाहिला तो एकदाच, तिच्या शाळेच्या सहलीबरोबर, पोरं मोजता मोजता. त्यापलीकडे आमचं मोठं पाणी म्हणजे बोर धरण.

माझं इंग्रजी कचेरीतलं. एक वाक्य वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं अशी मी सुरुवात केली. "सदर इसम हा बंदरगावच्या एका दोरखंडवाल्याचा मुलगा असून तो व्यापारी जहाजावर कामास लागला." बायकोच्या कपाळावर आठी पडली. "तद्नंतर उपरोक्त जहाजावर त्याची बढती होऊन..." तिने हात झाडला. आजारपण आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर दुखणं सोडून दुसरं काही मी पहिल्यांदाच पाहिलं. आतली मराठीची बाई जागी होती. मग मी मुद्दाम जास्तच कचेरीतलं बोलू लागलो आणि ती जास्तच चिडू लागली. त्या रागाचं मला काय अप्रूप वाटलं म्हणून सांगू.

पण खरी गंमत जहाजावर चढल्यावर झाली. डोलकाठी मला येत होती, शीड येत होतं. पुढे बघतो तर एका जहाजाला तीन डोलकाठ्या, प्रत्येकीवर तीन-तीन शिडं, आणि प्रत्येक शिडाला, दोराला, दोराच्या गाठीला वेगळं नाव. वर्ध्यातल्या कारकुनाने या गोष्टींना मराठीत काय म्हणावं? मी अडलो. "तो ते हे ओढतो, ते... त्या मागच्याच्या वरचं ते... अगं ते हे, काय म्हणतात..." माझे हात हवेत नाचत होते, तोंड उघडं होतं आणि शब्द नव्हता.

बायको हसली. खदखदून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. महिनोन्महिने ती जे करत होती तेच मी तिच्यासमोर बसून करत होतो. त्या खोलीत शब्द न सापडणारं माणूस ती एकटी राहिली नव्हती. मी आयुष्यात बरीच फजिती करून घेतली आहे, पण त्या फजितीइतका आनंद मला कशाने झाला नाही.

तेव्हापासून चार वाजता चहाचे कप समोर आले की आम्ही जहाजावर जायचो. तिचा तो एकुलता शब्द इथे कुठेही चपखल बसायचा, हे माझ्या लक्षात आलं. "सकाळी कप्तान उठला, चारी बाजूंना बघतो तर काय?" पाणी. "तोफेचा गोळा लागून जहाजाच्या पोटाला भोक पडलं. आत काय शिरलं?" पाणी. मी शाबास म्हणायचो आणि ती मास्तरणीच्या तोऱ्यात मान हलवायची. घरात कोणी ग्लास आणायला धावत नव्हतं.

कप्तानाची नोकरी मोठ्या धामधुमीच्या काळातली. तिथल्या लोकांनी आपल्याच राजाचं डोकं उडवलं होतं आणि पार्लमेंटचं राज्य आणलं होतं. जुने सरदार दूर झाले होते, जहाजावर माणसं लागत होती, म्हणून हा दोरखंडवाल्याचा मुलगा कामाच्या बळावर पायरी पायरीने कप्तान झाला. डच लोकांशी लढाया झाल्या त्यांत त्याने नाव काढलं. पण आरमारात दोन जाती होत्या. एक उमरावांची पोरं, जी वशिल्याने थेट कप्तान व्हायची, आणि दुसरे खालून वर आलेले. मी बायकोला म्हणालो, आमच्या कचेरीतले सरळसेवेचे साहेब आणि आम्ही पदोन्नतीवाले, तसंच हे. तिने डोळे मिचकावले. माझं हे दुखणं तिने जन्मभर ऐकलेलं होतं.

या खालून आलेल्यांना उमरावांची पोरं एका नावाने हिणवायची. खलाशी जाड कापडाला डांबर फासून ते अंगावर घ्यायचे, त्यावरून ते नाव पडलं होतं. मी सांगू लागलो, "म्हणजे बघ, डांबर लावलेलं जाड कापड. पाणी आत येऊ नये म्हणून वरून टाकतात. आपल्याकडे ट्रकवर बांधतात बघ, ते हे... अगं जिभेवर आहे माझ्या..."

"ताडपत्री," बायको म्हणाली.

स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता. मी पुस्तकातून वर बघितलं तेव्हा ती स्वतःच दचकलेली होती, दुसऱ्याच कोणीतरी मागून बोलल्यासारखी. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. "ताडपत्री." मग आम्ही दोघंही रडलो, आणि चहा निवून गेला.

दुसरा कोणता शब्द असता तर कदाचित आला नसता. तिच्या वडिलांचं कारंजाला हायवेवर दुकान होतं, ट्रकच्या ताडपत्र्या शिवून द्यायचं आणि दोर विकायचं; आता ते भाऊ चालवतो. शाळेची पायरी चढायच्या आधीपासून ती त्या ताडपत्र्यांवर लोळली होती. संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा मी काही न सांगता फोन तिच्या तोंडाशी धरला.

"ताडपत्री," ती म्हणाली.

 पलीकडून भाऊ म्हणाला, "कोन्त्या साइजची पाठवू, ताई?" आणि तो शब्द तिला पुन्हा म्हणायला लावला.

त्यानंतर सगळं झरझर झालं असं मात्र नाही. पुढचे कित्येक दिवस 'पाणी'च्या जागी 'ताडपत्री' आली, एवढंच. चहा हवा, ताडपत्री. पण एका शब्दाचे दोन झाले होते, आणि दोनाचे चार होतील अशी मला आशा लागली. आमच्या कप्तानाचं नाव ताडपत्री कप्तान पडलं. पुस्तकात त्याचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण आमच्या घरात ते कोणी घेतलं नाही.

मग इंग्लंडात राजाचा मुलगा परत आला. ज्या आरमाराने त्याच्या बापाविरुद्ध नोकरी केली तेच आरमार त्याला आणायला गेलं. जहाजांवरची जुनी निशाणं उतरवली, खलाशांनी घाईघाईने नवी शिवली. आमच्या कप्तानाने नव्या राजाची शपथ घेतली आणि आपलं काम चालू ठेवलं. भूमध्य समुद्रात चाच्यांपासून व्यापारी जहाजांची राखण करत फिरला. आणि एक दिवस त्याचं जहाज काढून एका उमरावाच्या पोराला दिलं. कप्तान घरी बसला.

"काऊन?" बायकोने विचारलं.

मी पान उलटायचा थांबलो. हा तिचा पहिला प्रश्न. आणि तोही 'काऊन'. नाचणगावच्या वर्गात एखादं पोर काऊन म्हणालं की 'का म्हण' असं सांगत जिची सगळी नोकरी सरली, तिच्या तोंडी कारंजाचं काऊन आलं होतं. तिच्याही ते लक्षात आलं. तिने नाक मुरडलं, 'का' म्हणायचा प्रयत्न केला, जमेना, आणि मग खांदे उडवून पुन्हा ठणकावून म्हणाली, "काऊन?"

उपचार करणाऱ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, येऊ द्या, ज्या वाटेने येतंय त्या वाटेने येऊ द्या. तिचे हे शब्द मी कधी विसरणार नाही. शाळेची मराठी मागे राहिली आणि आधी आली ती परकर-पोलक्यातली वऱ्हाडी. "मले दे." "बंद कर ते." "नाई म्हटलं न." मला ती अरेतुरे करत होती, म्हणजे करायचं नव्हतं तिला, पण आदराची रूपं अजून परतली नव्हती. मी हा मान आनंदाने सोडला.

कप्तानाला पुन्हा बोलावणं आलं, कारण डच पुन्हा आले होते आणि उमरावांच्या पोरांना वारा कळत नव्हता. या लढायांत सगळा खेळ वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा पाठीशी घेऊन, राहण्याचा. हे तिला सांगताना मला धान्याची उपणणी आठवली. खळ्यावर वारा बघून उभं राहायचं. माणूस चुकीच्या बाजूला उभा राहिला तर भूस त्याच्याच डोळ्यांत. तोफांच्या धुराचंही तसंच. "भूस," ती म्हणाली, "डोळ्यात." आणि पुढे, जरा थांबून, "डच लोकाइच्या." त्या दिवशी तिने चार शब्द एकापुढे एक ठेवले.

शेवटची मोठी गोष्ट खटल्याची. एका लढाईत डच मागे हटले, पण कप्तानाने पाठलाग केला नाही. त्याच्यावर लष्करी कोर्ट बसलं. प्रकरण लांबलचक होतं. त्याचा दुय्यम अधिकारी बोलला, तोफांवरचा बोलला, दुसऱ्या जहाजांचे कप्तान बोलले, दुर्बिणीतून लांबून पाहिलेलेही बोलले. तो भित्रा आहे, तो म्हातारा झालाय, त्याच्या मनात अजून पार्लमेंट आहे. पानामागून पानं गेली आणि कप्तान आपला खाली बघत बसलेला.

बायको अस्वस्थ होऊ लागली. खुर्चीच्या हातावर बोटं आपटू लागली. शेवटी म्हणाली, "त्याले... त्याले काऊन नाई विचारत?"

मी म्हणालो, विचारतील, उद्या वाचू.

"आत्ता."

वाचलं. अखेर त्याला विचारलं, आणि तो थोडकंच बोलला. त्याची मोठी डोलकाठी तुटली होती, शेजारचं जहाज बुडत होतं आणि पाण्यात माणसं होती. तो ती माणसं वर घेत बसला. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. बायकोने खुर्चीवर थाप मारली आणि म्हणाली, "बरं केलं." कोर्टाने की कप्तानाने, हे मी विचारलं नाही.

पुढे त्याला चार जहाजांवरचा मोठा हुद्दा मिळाला, त्याचं स्वतःचं निशाण लागलं, आणि तो म्हातारपणी आपल्या बंदरगावी, आपल्या खाटेवर, तापाने गेला. ते शेवटचं पान मी टाळत होतो. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाचा." ते 'वाचा' ऐकून मी आधी तिच्याकडे बघत राहिलो, कारण आदर परतला होता. मग वाचलं. घरातलंच कोणी गेल्यासारखं आम्हाला वाटलं. कुठला कोण माणूस, कुठल्या देशाचा, त्याला वर्धा नावाचं काही असतं हेही ठाऊक नसणार. त्याने आमच्यासाठी जे केलं ते सख्ख्यांनाही जमलं नव्हतं. मी त्याचा ऋणी आहे, आणि ते मोकळेपणाने सांगतो.

त्यानंतर लवकरच दवाखान्यात तपासणीला जायचं होतं. डॉक्टर भले गृहस्थ, पण बाहेर रांग मोठी. त्यांनी तिचा हात दाबून पाहिला, पाय उचलून पाहिला, आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणतात? बोलतात का आता? काही त्रास?"

मी तोंड उघडलं.

"मले विचारा," बायको म्हणाली.

 डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि म्हणाले, "माफ करा बाई. सांगा, काय त्रास आहे?"

तिने वेळ घेतला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. ती शब्द शोधत होती आणि मला तो दिसत होता, अगदी माझ्या जिभेवर आला होता, पण मी दात आवळून बसलो. बाहेर कोणीतरी दार ठोठावलं. डॉक्टरांनी हात वर करून थांबा म्हटलं.

"त्रास," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "हे. लय बोलून राह्यले."